बेबीचं मत

चाळिशीला टेकलेल्या बाईला सगळं गाव ‘बेबी’ म्हणतं, यात भिवंडीजवळच्या वळमध्ये कुणालाच काही वावगं वाटत नसे. मलाही सुरुवातीला वाटलं नाही. बदली होऊन मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले आणि जनार्दन पाटलांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात ओट्यावरून एक आवाज आला. शब्द होते, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. मी वळून पाहिलं. लाकडी खुर्चीत एक बाई बसली होती. मान एका खांद्याकडे कललेली, हात छातीशी आखडलेले, बोटं आपल्याच नादात वळवळणारी. डोळ्यांत मात्र भरगच्च काजळ.

“बेबीला पानी हवं असंल,” टेम्पोवाला म्हणाला.

ती थांबली. त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाली.

“बाई... तुमच्या... गादीला... ढेकून... हायेत... का?”

मी नाही म्हटलं. मग तिने मान सैल सोडली, म्हणजे आता या बाईला घरात घ्यायला हरकत नाही.

हीच तिची पद्धत. तिचं बोलणं हळू, अडखळत चालायचं आणि समोरच्याला धीर नसायचा. तिने ‘मना’, म्हणजे ‘मला’, एवढं म्हटलं की कोणी म्हणे भूक लागली, कोणी म्हणे झोप आली. चुकीचं वाक्य पुरं केलं की ती ते मान्य करत नसे. रागावतही नसे. नुसती थांबे, आणि आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून बोलायला घेई. एकदा दूधवाल्याने तिचं एकच वाक्य पाच वेळा चुकीचं पुरं केलं आणि पाचही वेळा ती मुळापासून निघाली. शेवटी कळलं ते एवढंच, की त्याच्या पँटची चेन उघडी आहे.

जन्माच्या वेळी बाळ अडकलं, उशिरा रडलं, एवढंच कारण घरचे सांगत. पाय चालले नाहीत, हात ऐकत नसत, बोलणंही तसंच. शाळेत ती कधी गेली नाही. तरी गावात काय चाललंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळे, कारण घर रस्त्याला लागून होतं आणि ओटा तिचा होता. त्या वर्षांत वळच्या भातखाचरांवर एकामागून एक गोदामं उभी राहत होती. दिवसभर कंटेनर जायचे. ती ड्रायव्हरांना चेहऱ्याने ओळखे आणि त्यांना नावं ठेवी. ती काही सोशीक, देवभोळी बाई नव्हती. भोचक होती, हट्टी होती, खुर्चीला हात लावणाऱ्या पोरांवर थुंकायची. सुमनवहिनीने नवी साडी घेतली की दोन दिवस फुरंगटून बसे. वहिनी म्हणजे बेबीच्या भावाची, जनार्दनची बायको. बेबीचं बोलणं तिला सगळ्यांत चांगलं समजे. पण तिला सोयीचं असेल तेवढंच ती दुसऱ्यांना सांगे.

आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून संध्याकाळचं जेवण तिला जनार्दन स्वतः भरवायचा. दिवसभर गोदामवाल्यांबरोबर, सर्व्हेवाल्यांबरोबर हिंडून आलेला हा दांडगा माणूस पाय धुऊन ओट्यावर मांडी घालून बसे, मासळीचा एकेक काटा बोटांनी काढून टाके आणि घास तिच्या तोंडात देई. ते पाहून मला वाटायचं, असा भाऊ असावा. आजही, पुढचं सगळं पाहिल्यावरही, ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

मी आले त्याच वर्षी कुठलीशी मोठी निवडणूक होती. सकाळपासून जीपगाड्या गावात फिरत होत्या. म्हाताऱ्या, आजारी, सगळ्यांना उचलून शाळेत नेत होत्या. एरवी बेबीला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की रिक्षावाले तोंड फिरवत. त्या दिवशी तिच्यासाठी दारात जीप उभी होती. ती सकाळीच काजळ घालून, केसांत अबोली माळून तयार होती. दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं, शाळेच्या पायऱ्या चढवल्या आणि थोड्या वेळाने तशीच आणून ओट्यावर ठेवली. जीप पुढच्या घराकडे गेली.

“झालं मतदान?” मी विचारलं.

“बोट... माजं,” ती म्हणाली. शाई लावलेलं बोट तिने कसंबसं वर केलं. “शिक्का... दादाचा.”

संध्याकाळी जनार्दन जेवण भरवायला बसला, तेव्हा मी नळावर होते.

“दादा... माजं मत... कोनाला... दिलंस?”

“घरचं जातं तिथंच गेलं.”

“कुठं?”

“आगं, तुला काय करायचंय? जेव गप.”

पुढचा घास त्याने तिच्या तोंडात दिला आणि तो ओरडला. बेबीने त्याचं बोट करकचून चावलं होतं. तो हात झटकत हसायला लागला. वहिनीही हसली. बेबी हसली नाही. कितीतरी दिवस तिने त्याच्या हातून घास घेतला नाही, आणि तो रोज येऊन बसे, थोडा वेळ विनवणी करी आणि उठून जाई.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा जनार्दन स्वतः उभा राहिला. त्याची निशाणी कपबशी. समोर पलीकडच्या आळीतला काशिनाथ, त्याची निशाणी छत्री. गावात जमिनी विकल्या जात होत्या, रस्ते कुठून जाणार ते ठरत होतं, त्यामुळे पंचायतीला एकदम महत्त्व आलं होतं. घरात माणसांचा राबता वाढला. ओट्यावर पत्रकांचे गठ्ठे आले आणि बेबीची खुर्ची कोपऱ्यात सरकली.

एका दुपारी तिने मला हाक मारली.

“बाई... मना... शिक्का... हवा.”

मी ओळखायचा प्रयत्न केला नाही, वाट पाहिली. मग कळलं, तिला शिक्का मारायचा सराव करायचा होता. शाळेत माझ्याकडे वह्या तपासण्याचा एक जुना रबरी शिक्का होता, त्यावर ‘तपासले’ असं लिहिलेलं. तो आणि शाईचं पॅड मी तिला दिलं. तिने तो मुठीत धरायचा, हात आवरून वर न्यायचा आणि कागदावर आपटायचा. कधी खुर्चीवर बसे, कधी स्वतःच्या मांडीवर. जुन्या वर्तमानपत्रांतल्या सगळ्या पुढाऱ्यांच्या फोटोंवर ‘तपासले’, ‘तपासले’ उमटत गेलं. एका मंत्र्याच्या नेमक्या नाकावर शिक्का बसला, तेव्हा ती इतकी हसली की खुर्ची मागे कलली आणि मला धावत जाऊन धरावी लागली. मतदानाचा दिवस जवळ आला तेव्हा दहातले सात-आठ शिक्के ठरवलेल्या जागी पडू लागले होते. तिच्या साड्यांचा मात्र सत्यानाश झाला, आणि वहिनी त्यावरून मला चार शब्द बोललीही.

मतदान आमच्याच शाळेत होतं. खोल्या उघडून द्यायला, पाण्याचं पाहायला म्हणून मी तिथे होते, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

दोघांनी तिला खुर्चीसकट आत आणलं. मागे वहिनी. टेबलामागच्या केंद्राध्यक्षांनी यादीत नाव पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, “सुलोचना नथुराम पाटील.” बेबीचं खरं नाव सुलोचना आहे, हे मला त्या क्षणी समजलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू कुणीतरी तिच्यासाठी पाट मांडला होता.

शाई लावणाऱ्याला तिचं बोट स्थिर सापडेना. शेवटी शाई बोटापेक्षा मनगटावरच जास्त लागली.

“हिच्या सोबत कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी, हिची भावजय,” वहिनी पुढे झाली.

“मी...” बेबी म्हणाली. “मीच... मा... माजं...”

“काय म्हणतात त्या?”

“मीच टाकायचं हिचं मत, असं म्हनते ती,” वहिनी म्हणाली.

बेबी थांबली. पुन्हा सुरुवात केली. “मी...”

मागून ओरडा सुरू झाला. “आटपा रं! उन्हात उभी हाव आमी.” वहिनीने मतपत्रिकेसाठी हात पुढे केला. बेबीने अख्खं शरीर आडवं टाकल्यासारखं करून तो हात अडवला.

“मीच... माजं... मत... टाकनार.”

एवढं वाक्य बाहेर यायला बराच वेळ गेला. साहेब दमलेले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“टाकू द्या त्यांना. तुम्ही बाहेर थांबा,” ते वहिनीला म्हणाले.

खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवली. शिक्का तिच्या मुठीत दिला आणि माणसं बाजूला झाली. खोली हळूहळू शांत झाली. आतून खुर्चीचा करकर आवाज येत होता आणि तिचा श्वास. मग टेबलावर एक दणका बसला. कपबशीचे आणि छत्रीचे, दोघांचेही पोलिंग एजंट दचकले.

तिला बाहेर आणलं तेव्हा हनुवटीला जांभळी शाई लागली होती. मतपत्रिकेची घडी तिला घालता येईना. घडी घालायला एक जण पुढे झाला, तसा तिने तो कागद छातीशी गच्च धरला. कुणाला दिसू नये म्हणून दोन्ही मुठींत चुरगळला. आणि तसाच, बोळा झालेला, साहेबांनी पेटी तिच्या मांडीशी धरली तेव्हा तिने आत ढकलला.

पायऱ्यांवरून खाली नेताना ती हसत होती. गळ्यातून नुसता आवाज येत होता, पण ते हसणंच होतं.

मोजणी दुसऱ्या दिवशी भिवंडीत झाली. तिथलं मी जनार्दनकडूनच ऐकलं. एक चुरगळलेली मतपत्रिका निघाली. शिक्क्याची शाई कपबशीवरही होती आणि छत्रीवरही. शिक्का मुळात कुठे बसला होता आणि चुरगळताना ओली शाई कुठे पसरली, ते सांगता येईना. अधिकाऱ्याने तो कागद सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“आरं, ही तर बेबीची!” काशिनाथचा माणूस म्हणाला, आणि मांडवात हशा पिकला.

मत बाद झालं. जनार्दन हरला. एका मताने नव्हे, सात-आठ मतांनी. बेबीचं मत धरलं असतं तरी फरक पडणार नव्हता. पण हरलेल्या माणसाला एवढा हिशेब दिसत नाही.

त्या संध्याकाळी तो पाय न धुताच ओट्यावर बसला.

“छत्रीवर मारलास?”

तिने मान रस्त्याकडे वळवली.

“सांग ना. मी रागावनार न्हाय. भावाच्या निशानीवर मारलास का त्या काश्याच्या?”

“मत... गुप्त... असतं.”

तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, घरातल्या घरात गुप्त? मी हिच्या मासळीचा काटा काढतो रोज.”

त्यात राग नव्हता. त्याला खरंच लागलं होतं. त्याने पुढेही कितीदा विचारलं, गोडीने, चिडून, एकदा आईची शपथ घालून. वहिनीने विचारलं, शेजारणींनी विचारलं. तिने कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही, आणि मी विचारलंही नाही. त्यानंतर तिला संध्याकाळी वहिनी भरवू लागली.

पुढे पाटलांची खालची जमीन गोदामाला गेली आणि जुनं घर पाडून त्यांनी बंगला बांधला; मागची माझी खोली तेवढी राहिली. ओटा गेला. फरशीचा व्हरांडा आला, पुढे भिंत, भिंतीला लोखंडी गेट. रस्ता बेबीला दिसेनासा झाला. कंटेनरचे नुसते आवाज ऐकू येत. तिची खुर्ची व्हरांड्यात दरवाज्याला लागून ठेवत. दरवाज्याला चिमणीच्या आवाजाची बेल होती.

तेव्हा मतदानाची मशीन आली होती. शिक्का नाही, शाई नाही, घडी नाही. नुसतं बटण दाबायचं. शाळेत मशीन दाखवायला माणसं आली होती, ते मी तिला सांगितलं. तिने तीनदा विचारलं, “नुसतं... दाबायचं?” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बंगल्यात दिवसभर चिमण्या चिवचिवायला लागल्या. बेबी हात आवरून, नेम धरून, बोटाच्या पेराने बेल दाबत होती. वहिनी आधी दार उघडायला धावे, मग ओरडायची, शेवटी तिने बेलमधले सेलच काढून ठेवले. बेबीने मुकी बेल दाबणं चालू ठेवलं. आलेले पाहुणे बराच वेळ दाराशी उभे राहत.

त्याच सुमारास शाळेला रॅम्प झाला. अपंगांना मतदान केंद्रात जाता आलं पाहिजे, असा वरून आदेश आला होता म्हणे. ठेकेदाराने तो इतका उभा चढाचा बांधला की पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायची. तरी मी घरी येऊन बेबीला सांगितलं. तिने त्याचा रंग विचारला.

मतदानाच्या सकाळी ती नेहमीप्रमाणे काजळ घालून बसली. अंगावर वहिनीची एक बऱ्यापैकी साडी होती, ती तिने मागून घेतली होती. जीप गेटपाशी थांबली, शेजारची म्हातारी तीत चढली, जीप निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. ऊन व्हरांड्यात आलं. जनार्दन मतदान करून परतला, तेव्हा ती म्हणाली, “मना... कवा... नेनार?”

तो चप्पल काढत होता. खाली वाकूनच बोलला.

“तुजं नाव न्हाय आता यादीत. मागं घरोघरी तपासायला आलती ना मानसं, तवा काढलं. मी सांगितलं त्यांना, हिला समजत न्हाय काय. उगा तुला उचलून न्या, उचलून आना. तरास तुलाच.”

आई गेल्यावर आईचं नाव यादीतून काढलं होतं. नाव काढणं म्हणजे काय ते बेबीला तेवढंच ठाऊक होतं.

“मी... मेले?”

“येडी का तू! असं बोलतात का?” तो घाबरल्यासारखा म्हणाला आणि आत गेला.

ती रडली नाही. वहिनी साडी बदलायला आली तेव्हा तिने बदलू दिली नाही. संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली.

कोर्टाने तसं ठरवल्याशिवाय घरच्यांच्या सांगण्यावरून असं नाव काढता येत नाही, हे मला एका जाणत्या सहशिक्षकाने सांगितलं. मग आम्ही भिवंडीच्या कचेरीत अर्ज केला. बोलावणं आलं. मी जनार्दनला विचारलं, तर तो म्हणाला, “न्या की. मी कुठं आडवा येतो?” गावातल्या रिक्षावाल्याने तिला उचलून रिक्षात बसवलं आणि मी शेजारी तिला धरून बसले. भिवंडी तिने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. ती प्रत्येक पाटीकडे मान वळवून पाहत होती.

साहेब वरच्या मजल्यावर बसत. खाली येऊ शकतील का, असं मी विचारलं. शिपाई म्हणाला, कागद सगळे वर आहेत. रिक्षावाल्याने तिला पाठीवर घेतलं. जिना अरुंद होता, वरून उतरणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. वर पोचेपर्यंत तिची साडी सुटली होती, केस विस्कटले होते. टेबलासमोर आम्ही तिला बाकावर टेकवलं. मी एका बाजूने तिला धरलं होतं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहासुद्धा विचारला. मग म्हणाले, “दोनचार प्रश्न विचारतो हं. सोपे आहेत. तुमचं नाव काय?”

“सु...” बेबी म्हणाली. “सु...लो...”

“बरं. आज वार कोणता?”

ती अजून नावावरच होती. “सु...लो...च...”

“बरं, राहू दे. मत कशासाठी देतात, ठाऊक आहे?”

मी म्हटलं, “साहेब, त्यांना वेळ लागतो. पण समजतं सगळं.”

“मॅडम, तुम्ही बोलू नका. त्यांना बोलू द्या.”

त्यांनी तिला बोलायला सांगितलं, आणि मागे रांगेतल्या माणसाकडून कागदही घेतला. तिच्या तोंडातून लाळ आली. ती मी पुसली, ते त्यांनी पाहिलं आणि नजर खाली केली. “चौकशी करायला सांगतो,” ते म्हणाले. बेबीचं ‘सुलोचना’ पुरं झालं तेव्हा ते दुसऱ्याच्या कागदावर सही करत होते.

परतताना रिक्षा निजामपुऱ्यातून निघाली. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, खटखट खटखट असा आवाज की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. पुढे हातगाडी अडकली म्हणून रिक्षा एका उघड्या दाराशी थांबली. आत लुंगीतला एक माणूस लूमवर वाकला होता. बेबीला पाहून तो दाराशी आला.

“क्या देख रही हो, बाजी?” बेबीला ताई म्हणत तो ओरडला.

बेबी काहीतरी बोलली. त्याने कानाला हात लावला, “क्या?” ती पुन्हा बोलली. “क्या?” तो आणखी जवळ आला. तिसऱ्यांदा त्याला कळलं. “कपड़ा? हाँ, कपड़ा बनता है! धोती का!” आणि मग त्याने आत दुसऱ्याला ओरडून काही विचारलं, त्या दुसऱ्यानेही “क्या?” म्हणून कानाला हात लावला. तिथे सगळेच सगळ्यांना तीनतीनदा विचारत होते, आणि कुणाला त्याचा कंटाळा नव्हता. त्याने धोतराची एक चिंधी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

रिक्षा निघाली. आवाज मागे पडल्यावर ती म्हणाली, “इथं... कोनाचंच... कोनाला... ऐकू येत... न्हाय.” आणि हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

चौकशी झाली. म्हणजे महिन्याभराने एक माणूस कागद घेऊन गावात आला, पाटलांच्या बंगल्यावर गेला आणि घरातल्या कर्त्या माणसाला विचारलं. कर्ता माणूस जनार्दन. त्याने पहिल्यांदा सांगितलं होतं तेच सांगितलं. त्या माणसाने बेबीकडे एकदा पाहिलं, सरबत घेतलं आणि निघून गेला. मी शाळेत होते. मला संध्याकाळी कळलं. दुसरा अर्ज करू या, असं मी बेबीला म्हटलं. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही. तिची मान तशीही हलायची. कागदावर तिचा अंगठा घ्यायला गेले, तेव्हा तिने मूठ उघडली नाही.

त्यानंतर ती कमी बोलू लागली. आधी वाटलं तब्येत बरी नसेल. पण कुणी तिचं अर्धं वाक्य भलत्याच शब्दांनी पुरं केलं, तर आता ती तिथेच थांबे, पुन्हा पहिल्यापासून निघत नसे. भूक नसताना तिच्यापुढे ताट येई आणि ती जेवे. जनार्दनला हे बरं वाटे. “हल्ली लय शानी झालीय,” तो मला म्हणाला. व्हरांड्यात गोदामवाल्यांची माणसं बसू लागली, म्हणून तिला बंगल्यातल्याच मागच्या खोलीत हलवलं. त्या खोलीची खिडकी दुसऱ्या गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीकडे उघडत होती. मी जाऊन बसत असे. ती पत्र्याकडे बघत असे. मी गावातल्या बातम्या सांगे, आणि बातमी संपल्यावर खोलीत मीच एकटी बोलत होते असं जाणवे.

मग माझी बदली दिघाशीला झाली. निघताना तिच्या हातावर हात ठेवला, तर तिची बोटं वळवळलीही नाहीत.

तिला शेवटचं पाहिलं ते जनार्दनच्या मुलीच्या साखरपुड्यात. दुपारची वेळ, बंगल्यासमोर मोठा मांडव, पंख्यांचा आणि डेकवरच्या गाण्यांचा आवाज. जनार्दन भेटला, थकलेला दिसला. “बाई, आल्या, बरं झालं. बेबी तुमची आठवन काढते,” असं तो म्हणाला. ते बहुधा खरं नव्हतं. मांडवाच्या कडेला बायकांची एक रांग खुर्च्यांवर बसली होती आणि शेवटून तिसऱ्या जागी त्यांनी बेबीला बसवलं होतं. जरीची साडी, गळ्यात खोटा हार. काजळ नव्हतं. ती फार बारीक झाली होती. मी तिच्याकडे जायला निघाले, तेवढ्यात गेटपाशी गडबड झाली.

निवडणूक जवळ आली होती. उमेदवार आला होता. पांढरे कपडे, मागे दहापंधरा माणसं. मुलामुलीला आशीर्वाद देऊन तो मांडवातून फिरू लागला. बायकांच्या रांगेशी आला आणि एकेकीपुढे वाकून हात जोडू लागला. “येतो मावशी. लक्ष असू द्या. ताई, विसरू नका.” प्रत्येक बाईपुढे थोडा थांबत होता.

बेबीने त्याला येताना पाहिलं असावं, कारण तो बराच लांब होता तेव्हापासूनच तिचे हात हलायला लागले होते. एक हात छातीशी आला, दुसरा भलतीकडे गेला, पुन्हा वळला. ती हात जोडायला बघत होती. तो जवळ येत गेला. तिच्या शेजारणीपुढे वाकला, “नमस्कार काकू,” म्हणाला. त्याच्या कानाशी चालणाऱ्या माणसाने, जो गावचाच होता, हळूच काहीतरी सांगितलं. उमेदवार सरळ झाला, बेबीची खुर्ची ओलांडून पुढच्या बाईसमोर गेला आणि हात जोडले.

बेबीचे हात त्यानंतर जुळले. तो तोपर्यंत रांग संपवून जेवणाच्या पंगतीकडे वळला होता. समोर रिकामी सतरंजी होती आणि पलीकडे पाण्याचा पिंप. जुळलेले हात तिने तसेच धरून ठेवले होते. एवढ्या कष्टाने जमलेले ते, सोडायला तिला बराच वेळ लागला.